सांताचं उत्तर येतं, रॅकून येत नाही

आधी निकाल सांगून टाकतो. घरात अवघड मागण्या करणारं पोर असेल, तर कॅनडा पोस्टची सांताला पत्र पाठवायची सेवा बाजारातल्या कुठल्याही पैसेवाल्या सांतापेक्षा उजवी आहे. फुकट आहे, कॅनडातून पाठवलं तर तिकीटही लागत नाही, आणि मुख्य म्हणजे ती कुणाला कसलाच शब्द देत नाही. हा शेवटचा मुद्दा तुम्हाला उणेपणा वाटत असेल, तर तुमच्या पोराने अजून जिवंत रॅकून मागितलेला नाही.

आमच्या धाकट्याने मागितला. वय वर्षं पाच, मुक्काम स्कारबरो, टोरोंटोची पूर्व बाजू. आणि कुठलातरी रॅकून नव्हे, आमच्या मागच्या अंगणात रात्री कचऱ्याच्या डब्याशी झटापट करायला येतो तोच. थोरली आठ वर्षांची, जरा व्यवहारी. तिने सेलोटेप मागितली. डझनभर रिळं, आणि वर अट अशी, की ती वापरत असताना "पुरे आता, वाया घालवू नकोस" असं घरात कुणीही म्हणायचं नाही. टेप दोन-चार डॉलरची. अट पाळणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही, साताऱ्याच्या आजीपासून.

मोठ्या माणसांच्या लेखी अवघड भेट म्हणजे दुकानात न मिळणारी. तसे किस्से इकडे भरपूर आहेत. १९८३ साली कॅबेज पॅच बाहुल्यांसाठी अमेरिकेतल्या दुकानांत आईबापांची अक्षरशः हाणामारी झाली. १९९६ साली गुदगुल्या केल्या की हसणाऱ्या एल्मो नावाच्या बाहुल्याने तोच तमाशा केला. २०१६ साली आमच्याच टोरोंटोच्या स्पिन मास्टर कंपनीने हॅचिमल्स काढली. अंडं हातात धरून चोळायचं, मग आतला प्राणी चोचीने कवच फोडून बाहेर येतो. साठेक डॉलरचं ते अंडं डिसेंबरात ऑनलाइन कितीतरी पट भावाने विकलं जात होतं. पण ही अडचण पैशाने नाहीतर पायपिटीने सुटते. पोरांच्या खऱ्या अवघड मागण्या दुकानातल्या नसतातच. शेजारच्या मुलीला लिफ्टचं बटण हवं होतं, फक्त बटण, दाबल्यावर उजेड पडणारं. धाकट्याच्या वर्गातल्या एकाने पडलेला दात परत मागितला. यांच्यापुढे क्रेडिट कार्डाचं काही चालत नाही.

रॅकूनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुण्या-साताऱ्याकडच्या मंडळींना हा प्राणी गोजिरवाणा वाटतो. आजीला फोटो पाठवला तर म्हणाली, "चष्मा लावलेलं मांजर आहे, आणून द्या की पोराला." टोरोंटोला रॅकूनची जागतिक राजधानी म्हणतात आणि शहर ते बिरुद मनावर घेतं. २०१५च्या जुलैत यंग स्ट्रीटच्या फुटपाथवर एक मेलेला रॅकून दिवसभर पडून राहिला, तर लोकांनी तिथे फुलं, मेणबत्त्या आणि फ्रेम केलेला फोटो ठेवला. पुढच्याच वर्षी महापालिकेने तीन कोटी दहा लाख डॉलर खर्चून ओल्या कचऱ्याचे नवे हिरवे डबे वाटायला घेतले, रॅकूनला उघडता येऊ नयेत अशा फिरत्या कडीचे. काही रॅकून तेही उघडायला शिकले. आमचा त्यातलाच असावा. परवान्याशिवाय असला रानटी प्राणी घरात ठेवणं ऑन्टारिओत बेकायदा आहे. शिवाय २०१५च्या डिसेंबरात इथून तासाभरावरच्या हॅमिल्टनमध्ये रॅकूनमधल्या रेबीजची साथ सुरू झाली होती, ती वाचल्यापासून माझी बायको अंगणातसुद्धा बूट घालूनच जाते. थोडक्यात, नाही म्हणायला कारणं ढीगभर होती. पाच वर्षांच्या पोराला त्यातलं एकही पटत नव्हतं, कारण मागणी आमच्याकडे नव्हतीच. ती सांताकडे होती, आणि सांताला महापालिकेचे नियम लागू नाहीत.

म्हणून पत्र.

पत्ता सोपा आहे: सांता क्लॉज, नॉर्थ पोल, एच०एच ०एच०, कॅनडा. इंग्रजीत लिहून बघा, शून्यांना ओ समजलं की पिनकोडच सांतासारखा 'हो हो हो' हसतो. इथल्या पिनकोडात पहिलं अक्षर एच म्हणजे मॉन्ट्रियल आणि त्यामागचं शून्य म्हणजे खेडेगाव. मॉन्ट्रियलमधलं खेडेगाव! असे कोड जवळजवळ वापरातच नसल्यामुळे हा सांतासाठी मोकळा होता. आणि मॉन्ट्रियलशी नातं तसंही खरंच आहे, कारण सगळं सुरू झालं तिथेच. १९७४च्या सुमारास तिथल्या टपाल कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं, की सांताच्या नावाची पत्रं 'पत्ता सापडत नाही' या ढिगात जाताहेत. पोरं हिरमुसायला नकोत म्हणून ते स्वतःच उत्तरं लिहू लागले. दरवर्षी पत्रं वाढत गेली आणि १९८३ साली टपाल खात्याने त्याला देशभर अधिकृत रूप दिलं. आता वर्षाला दहा लाखांहून जास्त पत्रं येतात, तीसेक भाषांत उत्तरं जातात, ब्रेलमध्येही. लिहिणारे बरेचसे खात्यातले आजी-माजी कर्मचारी, स्वखुशीने बसणारे. निवृत्त पोस्टमन काकांनी चष्मा सरसावून रॅकूनची मागणी वाचली असेल, हे चित्र मला फार आवडतं.

पाकिटावर तिकीट नको म्हटलं तरी एक गोष्ट लागते: परतीचा पूर्ण पत्ता, पोराच्या नावासकट, आणि तो पत्रातही लिहिलेला बरा. पाकीट आणि कागद यांची फारकत कधीही होऊ शकते. भारतातून पाठवायचं तर परदेशी टपालाची तिकिटं आपल्यालाच लावावी लागतात. इथल्यांसाठी दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली एक शेवटची तारीख जाहीर होते. तिची वाट बघू नका, नोव्हेंबरातच टाका. आणि पाकीट चिकटवण्याआधी पत्राचा फोटो काढून ठेवा. पोरं गुपित म्हणून चिकटवून टाकतात आणि मग त्यात नेमकं काय लिहिलंय याचा तपास करण्यात आईबापांचा डिसेंबर जातो. आमच्या थोरलीने तर पाकिटाच्या चारी बाजूंना टेप मारली होती. मागणी किती खरी आहे याचा पुरावाच म्हणा.

दोघांची उत्तरं एकाच दिवशी आली, वेगवेगळ्या पाकिटांत, वेगवेगळ्या नावांवर. हे नीट झालं म्हणून वाचलो, नाहीतर ते पाकीट कुणाचं यावरून घरात महाभारत झालं असतं. आतला मुख्य मजकूर छापील असतो, रेनडिअर, कार्यशाळा, खारी-बिस्किटं वगैरे. दहा लाख पत्रांत दुसरं काय होणार. सगळी गंमत तळाच्या हाताने लिहिलेल्या ताज्या कलमात आहे. धाकट्याच्या पत्राखाली निळ्या शाईत दोन ओळी होत्या. तुझा रॅकून थंडीत आपल्या घरच्यांसोबत दाटीवाटीने झोपतो, तिथून त्याला उचलणं सांतालाही बरं वाटणार नाही, पण तो सुखरूप आहे ना याकडे तू लक्ष ठेवशील का, अशा अर्थाच्या.

मी हे दोनदा वाचलं. नकार आहे, पण 'नाही' हा शब्द नाही. माहिती खरी आहे, कडाक्याच्या थंडीत रॅकून ढोलीत नाहीतर पोटमाळ्यावर एकमेकांना चिकटून झोपून राहतात. पोराला काम दिलंय. आणि आमच्या डोक्यावर कसलाही बोजा टाकलेला नाही. अशी दोन ओळींची मुत्सद्देगिरी मी ऑफिसात वीस लोकांच्या मीटिंगमध्येही पाहिलेली नाही. थोरलीला आलेल्या ओळीत टेपबद्दल लिहिताना अटीचा उल्लेख चतुराईने टाळला होता. तिच्या ते लगेच लक्षात आलं. "सांताने अर्धंच वाचलं," असं तिने जाहीर केलं, पण पत्र उशीखाली गेलं.

आता तुलना. त्याच महिन्यात आम्ही एका संकेतस्थळावर पैसे भरून सांताशी व्हिडिओ कॉल घेतला होता. नाव सांगत नाही, असे डझनावारी आहेत. दाढी झकास, मागचा देखावा त्याहून झकास, पोराचं नाव आणि शाळा आधीच फॉर्ममध्ये भरून दिलेली. धाकट्याने रॅकून म्हटल्याबरोबर पडद्यावरचा सांता गडगडाटी हसला आणि म्हणाला, अगदी नक्की मिळणार! चार मिनिटांचा कॉल. त्यानंतर पोराने आपल्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा करून त्यात टॉवेल अंथरला. फॉर्ममध्ये 'कुठल्या गोष्टीचा शब्द देऊ नये' असा एक साधा रकाना असता तर? नव्हता. सेवेला लिहिलं, तर पुढच्या वर्षीसाठी सवलतीचं कूपन आलं.

हा धंदा गंभीरपणे करणारी माणसं असं बोलत नाहीत. अमेरिकेत सांताची शाळा आहे. चार्ल्स हॉवर्ड नावाच्या गृहस्थाने १९३७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बियन गावी ती काढली, आता ती मिशिगनमधल्या मिडलंडला चालते. मुरलेल्या सांतांचा साधा नेम असतो, आईबापाच्या चेहऱ्याकडे न बघता कुत्रा, घोडा किंवा भाऊ कबूल करायचा नाही. आमच्या इथल्या मॉलमधल्या म्हाताऱ्याने धाकट्याचं ऐकून आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्याने पोराला विचारलं, "त्याला काय खायला आवडतं?" आणि पाच मिनिटं दोघे कचऱ्याच्या डब्यावर बोलत बसले. फोटोचे पैसे जरा जास्तच घेतात, पण त्या प्रश्नासाठी मी पुन्हा देईन.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी एक फरक ध्यानात ठेवावा. तिथल्या टपाल खात्याची ऑपरेशन सांता ही वेगळी गोष्ट आहे. १९१२ साली पोस्टमास्टर जनरल फ्रँक हिचकॉक यांनी सांताच्या पत्रांना उत्तरं द्यायला कर्मचाऱ्यांना आणि नागरिकांना परवानगी दिली, त्यातून ती वाढली. आता नाव-पत्ता झाकून पत्रं संकेतस्थळावर ठेवतात आणि कुणीही अनोळखी माणूस एखादं पत्र निवडून खरीखुरी भेट पाठवू शकतो. ज्या घरात हिवाळी कोट घेणंच अवघड आहे, तिथे याचं मोल फार मोठं. रॅकूनवाल्यांनी तिथे गर्दी करू नये, एवढंच माझं म्हणणं. ब्रिटनमध्ये रॉयल मेलचा पत्ता सांताज ग्रोटो, रेनडिअरलँड, एक्सएम४ ५एचक्यू. जर्मनीत ब्रांडेनबुर्गमधल्या हिमेलफोर्ट गावी लिहितात.

नाताळच्या सकाळी थोरलीला रिळं मिळाली. बायकोने चुलीवर, म्हणजे इंडक्शनवर हात ठेवून शपथ घेतली की काही बोलणार नाही, आणि दुपारपर्यंत पाळलीही. मग जेवणाच्या टेबलाचे चारही पाय टेपने गुंडाळलेले दिसले. धाकट्याला आम्ही ट्रेल कॅमेरा दिला, जंगलात झाडाला बांधतात तो. समोर हालचाल झाली की अंधारातही आपोआप फोटो घेतो. सांताने लक्ष ठेवायला सांगितलं होतं ना, हे घे अवजार. कुंपणाला बांधला. पहिल्या फोटोंत शेजाऱ्यांचं मांजर, मग पुन्हा तेच मांजर, मग लुंगीवर जाकीट चढवून डबा सरळ करणारा मी. आमचा गडी थंडी जरा कमी झाल्यावर उगवला, दोन पायांवर उभा, पुढचे दोन्ही पंजे डब्याच्या कडीवर. तो फोटो फ्रिजवर आहे. अर्थात टेपने चिकटवलेला.

यंदाचं पत्र तयार आहे. धाकट्याला रस्त्यावरचा बर्फ काढणारा ट्रक हवाय, खऱ्या आकाराचा, आणि ड्रायव्हर सोबत पाठवू नये असं त्याने खाली वेगळं लिहिलंय. फोटो काढून झालाय. सोमवारी पेटीत टाकतो.