जळगावच्या खासगी होस्टेलमध्ये दहा महिने राहून

मी शहादा तालुक्यातली, एमएस्सी केमिस्ट्रीसाठी जळगावला आले. वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून जुलैपासून एका खासगी होस्टेलात आहे, आता एप्रिल संपत आला. तिघींची रूम, मेससकट महिना ६,५०० आणि डिपॉझिट १०,००० रुपये.

आधी चांगलं सांगते. तळमजल्यावर अभ्यासिका आहे, रात्रभर उघडी असते आणि लाइट गेली तरी इन्व्हर्टर आहे. रूममध्ये एक जण दहाला झोपणारी, दुसरीचा फोन बारापर्यंत चालू, मग मी खाली जाऊन बसायचे. पहिल्या सेमला जे मार्क आले ते या खोलीमुळेच आले असं मला वाटतं.

तक्रार ॲपवर टाकायची असते. डिसेंबरमध्ये गिझर बिघडला, तीनदा तक्रार टाकली, तीनही वेळा दुसऱ्या दिवशी ॲपवर "सोडवली" दिसायचं आणि पाणी गारच. शेवटी वॉर्डन मावशींनी ओळखीचा इलेक्ट्रिशियन बोलावला, तासाभरात काम झालं. ॲप नसलं तरी चालेल, पण रात्री बाराला ताप आला तर दार वाजवता येईल अशी मावशी प्रत्येक होस्टेलात पाहिजेच.

मेसमध्ये आधी रोज तीच लाल ग्रेव्ही. आम्ही सगळ्या मिळून बोललो, तेव्हा दिवाळीनंतर मंगळवार-शुक्रवार कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा, उडदाची डाळ सुरू झाली. आई रोज फोनवर विचारते, "जेवण व्हयनं का व?" त्या दोन दिवशी खरं उत्तर देता येतं. थंडीत गच्चीवर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत केलं, ती रात्र मी विसरणार नाही.

आता उन्हाळा. खरा त्रास इथेच आहे. आमची रूम वरच्या मजल्यावर, स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो, बाहेर पारा ४४ च्या आसपास आणि परीक्षा पण नेमक्या आत्ताच. कूलर आहे पण त्याला वेगळा सबमीटर, आणि संध्याकाळी टाकी रिकामी झाली की कूलरमध्ये टाकायलाही पाणी नाही, मग टँकरची वाट बघत बसायचं. गावाला आमच्या मातीच्या छताच्या, धाब्याच्या घरात दुपारी नुसत्या पंख्यावर झोप लागते. खान्देशात नवीन होस्टेल बांधणाऱ्यांनी काचेचं एलिव्हेशन सोडून गच्चीला पांढरा रंग, समोरासमोर खिडक्या आणि मोठी टाकी एवढं आधी करावं.

पैशाचं पण सांगते. ऑगस्टमध्ये बिलात १२ टक्के जीएसटी लावला होता. जुलै २०२४ पासून महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग ९० दिवस राहण्याच्या होस्टेलला तो माफ आहे, हे एका मैत्रिणीने मोबाईलवर काढून दाखवलं तेव्हा कमी केला. तुमचंही बिल नीट बघा.

मला सगळ्यात जास्त लागलं ते ओजेटीचं. नवीन शैक्षणिक धोरणात एमएस्सीला पहिल्याच वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग आहे, त्यासाठी मी महिनाभर नाशिकला होते, तिथे रूमचं भाडं भरलं आणि इथेही पूर्ण ६,५००, मेसचे सुद्धा, एक घास न खाता. वडिलांनी कपाशीच्या पैशातून दिले, काही बोलले नाहीत. ऑनर्स करायचं तर डिग्रीही आता चार वर्षांची, म्हणजे भाड्याचं अजून एक वर्ष. अभ्यासक्रम बदलला तसे होस्टेलचे करारही बदलायला पाहिजेत, बेड राखून ठेवायचं थोडं भाडं घ्या पण मेसचे पैसे घेऊ नका.

माझी रूममेट सातपुड्यातल्या धडगावची आहे, तिला आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या स्वयम योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यावर येतात. चांगली योजना आहे, पण ते पैसे शेवटी अशाच खासगी होस्टेलात जातात, मग तिथे पाणी, जेवण, सुरक्षा कशी आहे हे कोणीतरी येऊन तपासलं पाहिजे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात बोर्डिंग काढलं ते खेड्यातल्या पोरांना शहरात राहून शिकता यावं म्हणून, आणि सातपुड्यातून येणाऱ्या पोरींची अडचण आजही तीच आहे.

पुढच्या वर्षी मी इथेच राहणार आहे, अभ्यासिका आणि मावशींसाठी. फक्त पहिल्या मजल्यावरची रूम मागितलीय आणि बाहेरगावी असताना मेसचे पैसे लागणार नाहीत हे मालकांकडून लिहून घेतलंय. तुम्ही रूम बघायला जाल तेव्हा दुपारी दोनला जा, वरच्या मजल्यावर दहा मिनिटं बसा आणि नळ सोडून बघा.