विचर ३ : लोहाराच्या दुकानाचा रिव्ह्यू म्हणा हवं तर

वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला आहे, डाय बनवतो. त्यामुळे कुठल्याही गेममध्ये लोहार दिसला की माझी नजर आधी त्याच्या ऐरणीवर जाते. बहुतेक गेमांत हा लोहार म्हणजे नुसती खिडकी असते. पैसे टाका, तलवारीचा आकडा वाढवून घ्या, चालू पडा. 'द विचर ३: वाइल्ड हंट' हा गेम तसा जुना, २०१५ चा. यात आपण विचर, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा शिकारी असतो. भाच्याने "मामा, तुम्हाला हा आवडणारच" म्हणत डिस्क हातात ठेवली. सेकंड शिफ्ट संपवून लोकमान्य नगरला आलो, जेवलो, की हल्ली हाच चालू असतो.

गेममधल्या वेलेन या मुलखात, क्रोज पर्चच्या किल्ल्यात फर्गस नावाचा बुटका चिलखतं विकतो. नाव त्याचं, भाव तोच ठरवतो, आणि खरं काम करते त्याच्याकडची योआना. तिची अस्सल हत्यारं दूर उंडविक बेटावर पडलेली. ती आणून दिली तरच ती उस्ताद दर्जाचं चिलखत घडवणार. बरोबरच आहे. चांगल्या हत्यारांशिवाय फिनिश कुठून येणार? आमच्याकडेही जॉब एकाने करायचा आणि साहेबांसमोर दुसऱ्याने मिरवायचा, हे नवीन नाही. नोविग्राड शहरातला हातोरी तर त्याहून वाईट अवस्थेत. पट्टीचा तलवारी घडवणारा माणूस, पण कच्च्या मालाची वाट गुंडांनी अडवलेली, म्हणून बापडा डंपलिंग विकत बसलाय. या दोघांची कामं मार्गी लावली की त्यांच्या हातची वस्तू अंगावर येते तेव्हा आकडा बघावासाच वाटत नाही.

आता ग्रिफिन सेट, म्हणजे तलवारी आणि चिलखताचा जुळता संच. त्याची ड्रॉइंगं दुकानात आयती मिळत नाहीत. जॉर्ज नावाच्या जुन्या विचरच्या चिठ्ठ्या वाचत वेलेनमधल्या पडक्या किल्ल्यांत आणि गुहेत शोधावी लागतात. पहिला सेट अकराव्या लेव्हलला वापरता येतो, पुढचे अठरा, सव्वीस आणि चौतीसला. मला सगळ्यात पटलं ते हे, की वरची तलवार बनवायला खालची तलवारच साहित्यात द्यावी लागते. म्हणजे वेलेनच्या चिखलात भुतं मारलेली ती चांदीची तलवार भंगारात जात नाही, नवीनच्या पोटात जाते. २०१६ च्या 'ब्लड अँड वाइन' या जोड-भागात तूसाँ या नव्या मुलखात गेलात तर त्याच्याही वरचा, ग्रँडमास्टर दर्जाचा सेट आहे.

बाकी लूटमार, म्हणजे पेट्यांतून मिळणारा माल, मात्र वैताग आहे. अर्धा तास घाम गाळून एखादं धूड आडवं करावं आणि पेटीतून निघावं काय, तर कमरेला आहे त्याहून बोथट पातं. कधी चांगलं निघतं, तर त्याची लेव्हल लाल अक्षरात, म्हणजे आपल्याहून वरची, मग नुसतं बॅगेत घेऊन फिरा. दोन-चार लेव्हल चढलात की तेही कालबाह्य. नाव भारदस्त, आयुष्य चार दिवसांचं. शिवाय वजनाची मर्यादा आहेच. ती ओलांडली की गडी धावायचा बंद होतो. विकायला जावं तर दुकानदाराच्या गल्ल्यात पैसे उरलेले नसतात. हा एक भाग मात्र अगदी खराखुरा केलाय.

भाच्याला असल्या पेट्या फोडण्यातच मजा येते. वय आहे त्याचं. मला विचाराल तर पेट्यांच्या मागे लागू नका. घोड्यासाठी मोठी खोगीर-पिशवी आधी मिळवा, सेटची ड्रॉइंगं कुठे दडलीत ते दाखवणारे नकाशे लोहारांकडे विकत मिळतात ते घ्या, आणि एकच सेट धरून तोच वर चढवत न्या. जादूच्या खुणा जास्त वापरत असाल तर ग्रिफिन. अस्वलाचा सेट जड आहे, मार सोसत लढणाऱ्याने तो घ्यावा. मांजराचा हलका, चपळ हातांना चालेल. हातोरीचं काम अर्धवट सोडू नका.