टीडीसीएस (डोक्यावरून मेंदूला सौम्य करंट देण्याचा उपचार): घरी ७ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मला रिलॅप्सिंग-रिमिटिंग एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आहे, ९ वर्षं झाली. यात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण झिजतं; आजार मधूनच उसळतो (रिलॅप्स) आणि पुन्हा ओसरतो. चालणं बऱ्यापैकी टिकून आहे, पण थकव्यानं जीव नकोसा होतो. कणीक मळता मळता हात गळून जायचे, परात तशीच झाकून आडवं व्हावं लागायचं. झोपून उठलं तरी उतरत नाही असा हा थकवा. घरच्यांनाही तो दिसत नाही. म्हणून न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्यानं जानेवारीत टीडीसीएस सुरू केलं.

डोक्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज बसवून २ मिलिअँपिअरचा बारीक करंट २० मिनिटं सोडायचा, एवढंच. थकव्यासाठी एक स्पंज डाव्या कपाळाच्या वर येतो. आधी दवाखान्यात शिकले, मग घरी: आठवड्यातून ५ दिवस, ४ आठवडे. आता डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा सांगितलंय.

पहिल्या आठवड्यात मशीन सारखं ‘संपर्क नाही’ दाखवून थांबायचं. दोष माझ्या खोबरेल तेलाचा होता! तेलकट केसांतून करंट नीट जात नाही. पाणी जास्त झालं तर ओघळ कानापर्यंत येतो आणि करंट पसरतो. कमी पडलं तर चटका. एकदा घाईत स्पंज कोरडा राहिला आणि कपाळावर रुपयाएवढा लाल डाग दोन दिवस राहिला. तेव्हापासून स्पंज हेच दाबून बघतात, मगच पट्टा बांधतात.

तिसऱ्या आठवड्यात दुपारचे दीड-दोन तास माझे झाले. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. डाव्या पायाची बधिरता, लघवीची घाई मात्र जशीच्या तशी. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चढला तेव्हा थकवा पुन्हा उसळला. अंग तापलं की आवरण झिजलेल्या नसांतून संदेश अडखळतात. त्यावर ओला टॉवेल आणि कूलरच कामी आला.

एका विक्रेत्यानं फोनवर “औषधं बंद करता येतील” असं सांगितलं, त्याचा अजून राग येतो. यानं रिलॅप्स थांबत नाहीत. माझी गोळी एक दिवसही चुकलेली नाही. अभ्यासही छोटे आहेत, आणि नुसता पट्टा बांधून करंट न सोडलेल्यांनाही त्यांत कधी कधी बरं वाटलंय. फिट येत असतील किंवा कवटीत धातू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगाच.

परवा नाशिकजवळच्या सोमेश्वरला गेलो. धबधब्याकडे मी उतरले नाही, वरच कणीस खात बसले. घरी आल्यावर कणीक मात्र मीच मळली.