३५ वर्षांनी तेच चौघं, आणि अल्बम फक्त २७ मिनिटांचा

आधी एक कटकट सांगून मोकळी होते. या बँडचं नाव नुसतं 'एक्स' आहे. एक अक्षर, संपलं. १९७७ ला लॉस एंजेलिसमध्ये ठेवलं तेव्हा झकास वाटलं असेल, पण २०२३ ला ट्विटरने तेच नाव लावून घेतलं आणि तेव्हापासून यांचं काही शोधायला गेलं की आधी तिथली भांडणंच समोर येतात, त्यामुळे सरळ अल्बमच्या नावाने शोधा, 'अल्फाबेटलँड'. २०२० चा आहे. रिव्ह्यू लिहायला उशीर झालाय हे मान्य, पण मी ऐकलाच उशिरा, कारण म्हातारे झालेले पंकवाले (पंक म्हणजे सत्तरच्या दशकातलं ते वेगवान, रागीट रॉक) परत एकत्र येऊन नवीन गाणी करतायत असं ऐकलं की मला धास्तीच वाटते.

म्हणजे बघा ना, सेक्स पिस्टल्स १९९६ ला परत आले तेव्हा टूरचं नावच 'फिल्दी ल्यूकर' ठेवलं, हरामाचा पैसा, निदान खरं तरी बोलले, आणि नवीन अल्बमच्या भानगडीत पडलेच नाहीत. स्टूजेसनी २००७ ला 'द वियर्डनेस' काढला, रेकॉर्डिंगला स्टीव्ह अल्बिनीसारखा नावाजलेला माणूस, तरी माझ्याच्याने तो दुसऱ्यांदा पूर्ण ऐकवला नाही. रिफ्यूज्डचा २०१५ चा 'फ्रीडम' वाईट नाहीये पण इतका घासूनपुसून ठेवलाय की हात लावायची भीती वाटावी. अपवाद आहेत, बझकॉक्सचा १९९३ चा आणि डिसेंडेंट्सचा २०१६ चा मला आवडतात. पण बहुतेकांचं दुखणं एकच, एकतर साठीत विशीतल्या रागाची नक्कल करायची, नाहीतर आता आम्ही मॅच्युअर झालो म्हणत गाण्यांवर थरावर थर चढवायचे.

'एक्स'ने यातलं काहीच केलं नाही आणि मला वाटतं त्याचं कारण असं की थर चढवण्याची चूक त्यांची १९८५ लाच करून झाली होती. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, थांबा.

जॉन डो आणि एक्सीन सर्वेंका हे बँडचे दोघं गाणारे भेटले ते लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागात कवितेच्या वर्कशॉपमध्ये. तो बास वाजवायचा आणि गायचा, ती कविता करायची, गाणंबिणं शिकलेली नाही. गिटारला बिली झूम, जो या तिघाचौघांत वयाने मोठा आणि रॉकअबिली (पन्नासच्या दशकातलं कंट्रीमिश्रित रॉक अँड रोल) वाजवून हात बसलेला, ड्रम्सवर डी. जे. बोनब्रेक (खरंच आडनाव आहे हो ते). पहिला अल्बम 'लॉस एंजेलिस', एप्रिल १९८०, नऊ गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खल्लास. प्रोड्यूसर कोण, तर डोर्स या साठच्या दशकातल्या गाजलेल्या रॉक बँडचा कीबोर्डवाला रे मॅन्झरेक. त्याचा किस्सा भारी आहे, व्हिस्की अ गो गो क्लबमध्ये तो यांना ऐकत होता, आणि हे जे काय सुसाट वाजवतायत ते आपल्याच बँडचं 'सोल किचन' आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही, शेजारी बसलेल्या बायकोने सांगितलं तेव्हा कळलं. पुढचे तीन अल्बमही त्यानेच केले, १९८१, ८२, ८३. चारही एकसे एक. लोकांनी डोक्यावर घेतलं, पेपरवाल्यांनी तर फारच, पण खप काही तेवढा नाही.

मग १९८५ ला 'एन्ट लव्ह ग्रँड'. आता रेडिओवर वाजलंच पाहिजे म्हणून मॅन्झरेक बाजूला आणि मायकेल वागेनर आत, हेवी मेटलवाल्या बँडांचं काम करणारा माणूस. मी तो परवा मुद्दाम परत ऐकला. ड्रम्स असे की जणू कोणी रिकाम्या गोडाऊनचं शटर पाडतंय, गिटार मोठ्ठं पण कोणाचं आहे ते कळत नाही, आणि जॉन-एक्सीनचे आवाज त्या सगळ्यात कुठेतरी मागे. हिट काही झाला नाही. त्याच वर्षी जॉन आणि एक्सीनचा घटस्फोट, १९८६ ला बिली झूम बाहेर. बँड त्याच्याशिवाय आणखी दोन अल्बम करून थकला. नंतर नव्वदच्या दशकाच्या शेवटी चौघं परत स्टेजवर दिसायला लागले, पण जुनीच गाणी. वर्षानुवर्षं. नवीन काही नाही. आणि मग एकदम एप्रिल २०२०, पहिल्या अल्बमला चाळीस वर्षं होता होता, अख्खं जग दारं लावून बसलेलं असताना हा आला. या चौघांनी मिळून केलेला, १९८५ नंतरचा पहिला. तेव्हा बिली झूम ७२ वर्षांचा होता, मध्ये कॅन्सरच्या उपचारांतून गेलेला, आणि बाकी तिघं साठी ओलांडलेले.

आता अल्बम.

पहिलंच गाणं, टायटलचं, सुरू होतं आणि पाच सेकंदांत कळतं की गिटार बिली झूमचं आहे. हे मी उगाच म्हणत नाहीये. पंकमध्ये गिटार बहुतेक वेळा भिंतीसारखं असतं, सगळ्या तारा एकदम, मध्ये फट नाही. याचं तसं नाही, याच्या हातात पन्नासच्या दशकातलं, रॉक अँड रोलवाल्या चक बेरी छापाचं वाजवणं आहे, तेच दुप्पट लयीत, आणि प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो, कितीही पळाला तरी. तरुणपणी हा माणूस पाय फाकवून उभा राहून, समोरच्या लोकांकडे बघून हसत हसत हे वाजवायचा, बोटांकडे बघायचाच नाही, जुने व्हिडिओ बघा, जरा भीतीच वाटते ते हसू बघून. इथे नुसतं ऐकतानाही ते हसू डोळ्यासमोर येतं. 'वॉटर अँड वाइन' मध्ये सॅक्सोफोन आहे, तो पण त्याचाच, आणि तिथे तर हा पंक अल्बम आहे की १९५८ सालच्या शाळेच्या गॅदरिंगमधला नाच असा प्रश्न पडतो, गाणं मात्र कोणाच्या वाट्याला काय येतं यावरचं, चांगलं कडू.

पण खरी गोष्ट आवाजांची आहे. आणि इथे जरा रेंगाळणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचा पॅरा सोडून द्यावा.

दोन माणसं एकत्र गातात तेव्हा सहसा दुसरा गोड सूर धरतो, आपल्या भाषेत पहिला 'सा' वर असेल तर दुसरा गंधारावर, म्हणजे ऐकताना कसं लोण्यासारखं वाटतं. एक्सीनला ते कोणी शिकवलंच नव्हतं, त्यामुळे तिला जे सापडलं ते ती धरायची, कधी मध्यम, कधी पंचम, कधी जॉनच्याच सुराला अगदी चिकटून पण केसभर बाजूला. मधला गोडवा गायब. जॉनचा आवाज मुळात तयारीचा, भरीव, आणि ही त्याला घासून जाणार. १९८० मध्ये हे ऐकताना वाटतं की दोन माणसं एकाच खोलीत भांडतायत आणि दोघांचं म्हणणं एकच आहे. मला धास्ती होती ती याचीच. चाळीस वर्षांत माणूस शिकतो हो. स्टुडिओत आज कोणाचाही सूर दोन क्लिकमध्ये सरळ करून मिळतो. प्रोड्यूसर रॉब श्नाफ, हळुवार गाणाऱ्या एलियट स्मिथचे अल्बम केलेला माणूस, म्हणजे नाजूक कामाला सरावलेला, त्याला मोह झाला असता तर? नाही झाला. दुसरं गाणं 'फ्री' हेडफोन लावून ऐका, एक्सीनचा आवाज आता खाली आलाय, जाड झालाय, कडेला चिरा पडल्यात, आणि जॉन तिच्याबरोबर येतो तेव्हा ती घासाघीस तशीच आहे, फक्त आधी दोन कोवळी पोरं वाटायची ती आता नाही वाटत. एकेकाळचे नवराबायको आहेत हे माहीत नसतं तरी मी ओळखलं असतं असं वाटतं. कदाचित नसतंही, माहीत असल्यामुळेच वाटतंय, काय सांगावं.

बोनब्रेकबद्दल फार लिहीत नाही, ड्रम्स खोलीतल्या ड्रम्ससारखे वाजतात, एवढंच मला पाहिजे होतं. १९८५ च्या अल्बमनंतर लगेच हा लावला तर फरक कानाखाली मारल्यासारखा कळतो.

आता तक्रारी. अकरा गाण्यांपैकी तीन मुळात जुनी आहेत. 'डेल्टा ८८ नाइटमेअर' अगदी सुरुवातीच्या काळातलं, 'आय गॉटा फीव्हर' पण तसंच जुनं सामान, आणि 'सिरानो डिबर्गर्स बॅक' तर त्यांनी १९८७ ला बिलीशिवाय एकदा रेकॉर्डही केलेलं. म्हणजे ३५ वर्षांनी नवीन माल म्हणून घ्यायला गेलं तर आठच नग हाती लागतात. 'डेल्टा ८८' मला चालतं, जेमतेम दीड मिनिटाचं, डेल्टा ८८ म्हणजे ओल्ड्समोबिलची ती लांबलचक गाडी, आणि गाणंही तसंच ब्रेक फेल झाल्यासारखं जातं. पण 'सिरानो' मात्र मला दर वेळी अडखळवतं, चांगली पळत असलेली गाडी सिग्नलला थांबल्यासारखी. बिलीबरोबर ते एकदा करायचं होतं हे समजू शकतं, पण ते त्यांच्यासाठी, माझ्यासाठी नाही. आणि अजून एक, शब्द पहिल्या फटक्यात कळत नाहीत. एक्सीनची ओळ म्हणजे कवितेची ओळ, दोन चित्रं शेजारी ठेवून ती निघून जाते, बाकीचं तुम्ही बघा. 'एंजल ऑन द रोड' मला चौथ्या खेपेला कुठे थोडं लागलं. तिची बहीण १९८० मध्ये मोटार अपघातात गेली, यांच्याच शोला येत असताना, आणि १९८२ च्या अल्बमवर त्या दुःखातून आलेली गाणी आहेत, त्यामुळे हिने रस्ता हा शब्द उच्चारला तरी माझे कान टवकारतात.

शेवटचं 'ऑल द टाइम इन द वर्ल्ड' हे गाणंच नाहीये. एक्सीन नुसती बोलते, मागे पियानो, आणि गिटारला डोर्सचा रॉबी क्रीगर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सरळ पुढे ढकललं, दहा गाणी पळवून आणून आता हे काय बडबडगीत असं झालं. आता ते मला सगळ्यात जास्त आवडतं. मॅन्झरेक २०१३ ला गेला, म्हणजे पहिल्या अल्बमला डोर्सचा एक माणूस आणि चाळीस वर्षांनी दुसरा, आणि यांनी त्याबद्दल कुठे गळा काढलेला नाही, क्रीगर येतो, दोन मिनिटं वाजवतो, संपतं. ज्या कवितावाचनातून हे सगळं सुरू झालं तिथेच ती परत जाऊन उभी राहते. चौसष्टाव्या वर्षी.

रेकॉर्ड घ्यायची की नुसतं ऐकायचं? घ्या. याचं कारण भावनिक नाहीये, मोजमापाचं आहे. एका बाजूला साधारण तेरा-चौदा मिनिटंच येतात, त्यामुळे खाचा दाटीवाटीने कोराव्या लागत नाहीत, आवाज मोठा आणि मोकळा कापता येतो, आणि सुई पार आतल्या लेबलपर्यंत जात नाही जिथे एरवी 'स' आणि 'श' फाटायला लागतात. पंचवीस मिनिटं एका बाजूला कोंबलेली रेकॉर्ड आणि ही शेजारी लावून बघा. ड्रम्सच्या बाबतीत तर लगेच कळेल.

२०२४ ला यांनी 'स्मोक अँड फिक्शन' काढला, तोही याच चौघांचा आणि श्नाफचाच, आणि हा शेवटचा असं स्वतःच जाहीर करून टाकलं. तो जास्त मागे वळून बघणारा आहे, ऐकायला सोपाही आहे. पण नवीन माणसाला मी आधी १९८० चा, मग १९८१ चा 'वाइल्ड गिफ्ट', आणि त्यानंतर डायरेक्ट 'अल्फाबेटलँड' ऐकवेन, मधला १९८५ चा फक्त काय टाळलंय ते कळण्यापुरता, तीन गाणी बास.

माझ्या कॉपीचं सांगायचं तर ती ऑनलाइन मागवली होती, आली ती भाजलेल्या पापडासारखी एका कडेला उचललेली. सुई तिथे आली की वर-खाली झोका घेते. दुकानवाल्याला लिहिलं तर म्हणे फिरताना व्हिडिओ पाठवा, पाठवला, चांगला पूर्ण टायटल ट्रॅक होईपर्यंत काढून. दोन दिवसांनी उत्तर, 'मॅडम आवाज तर मस्त येतोय.' आता याला काय बोलणार, येतोयच. बदलून काही मिळाली नाही. दुकानाला एक स्टार, अल्बमला साडेचार, अर्धा 'सिरानो'चा कापलाय.