.४५ एसीपीच्या वापरलेल्या पुंगळ्या: एका पिशवीत दोन मापांचे प्रायमर

एकदा वापरलेल्या .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्यांची हजार नगांची पिशवी मी पुन्हा भरण्यासाठी अमेरिकेतल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली होती. ‘धुतलेल्या आणि कॅलिबरप्रमाणे (म्हणजे काडतुसाच्या मापाप्रमाणे) निवडलेल्या’ असे तिचे वर्णन होते आणि त्यातला पहिला शब्द अगदी खरा निघाला. पितळ स्वच्छ होते, तोंडे फारशी चेपलेली नव्हती, नग हजाराहून थोडे अधिकच भरले आणि .४५ च्या पोटात ९ मिलिमीटरची पुंगळी अडकून बसण्याचा जो प्रकार अशा मालात नेहमी आढळतो, तो कुठेही दिसला नाही. तरीही ही पिशवी मी दुसऱ्यांदा घेणार नाही, कारण तिच्यातल्या पाव भागाहून अधिक पुंगळ्या लहान प्रायमरच्या (प्रायमर म्हणजे बंदुकीची दारू पेटवणारी तळातली वाटी) होत्या, उरलेल्या मोठ्या प्रायमरच्या होत्या आणि वर्णनात याविषयी एक अक्षरही नव्हते.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वाचकांची नेमबाजीशी ओळख राही सरनोबत किंवा स्वप्निल कुसाळे यांच्या पदकांमुळे झालेली असते. त्यांच्या स्पर्धा .२२ रिमफायर काडतुसांवर होतात आणि त्या काडतुसात पेट घेणारे मिश्रण तळाच्या कडेतच भरलेले असते, त्यामुळे झाडल्यानंतर त्या पुंगळीचा पुन्हा उपयोग करण्याचा प्रश्न येत नाही. .४५ एसीपी हे सेंटरफायर काडतूस आहे. त्याच्या तळाच्या मध्यभागी खोबण असते, त्या खोबणीत प्रायमर नावाची छोटी धातूची वाटी दाबून बसवलेली असते आणि ती काढून नवी बसवली की तीच पुंगळी अनेक वेळा भरता येते. अमेरिकेत हजारो हौशी नेमबाज आपली काडतुसे घरी अशीच भरतात, आणि इथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना पिस्तुलाची हौस आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पिस्तुलाच्या प्रायमरची मापे दोन. मोठ्याचा व्यास सुमारे ५.३ मिलिमीटर, तर लहानाचा सुमारे ४.४५ मिलिमीटर असतो. ९ मिलिमीटर, .३८ स्पेशल आणि .४० एस अँड डब्ल्यू या काडतुसांना लहान प्रायमर लागतो. १० मिलिमीटर ऑटो,.४४ मॅग्नम आणि .४५ कोल्ट यांना मोठा. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले आणि १९११ मध्ये अमेरिकी लष्कराने पिस्तुलासह स्वीकारलेले .४५ एसीपी काडतूस पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या प्रायमरचेच होते, त्यामुळे घरी काडतुसे भरणाऱ्या जुन्या रीलोडरला पुंगळीच्या तळाकडे पाहण्याची गरजच कधी पडत नसे. बंदिस्त रेंजमध्ये हवेत मिसळणाऱ्या शिशाचा प्रश्न पुढे आला, तेव्हा प्रायमरमधल्या लेड स्टिफनेट या शिसेयुक्त स्फोटकाच्या जागी शिसेविरहित मिश्रणे आली. त्यांचा झटका वेगळा असल्याने कारखान्यांनी .४५ मध्ये लहान खोबण आणि ठिणगी आत जाण्यासाठी मोठे छिद्र असा बदल केला. अशा काही पुंगळ्यांच्या तळावरच्या शिक्क्यात ‘एनटी’ (नॉन-टॉक्सिक, म्हणजे बिनविषारी) ही अक्षरे असत, म्हणजे निदान ओळखण्याची खूण तरी होती. पुढे ब्लेझर, फेडरल आणि स्पीअर या नावांखाली नेहमीच्या प्रायमरचे .४५ सुद्धा लहान खोबणीत येऊ लागले आणि ती खूण उरली नाही. फेडरलचा ‘एफसी’ हा एकच शिक्का असलेल्या दोन पुंगळ्यांत एक मोठ्या आणि एक लहान खोबणीची असू शकते, तेव्हा केवळ शिक्का वाचून निवड करणे आज शक्य नाही.

हा फरक त्रासदायक का ठरतो, हे प्रोग्रेसिव्ह प्रेसवर, म्हणजे अनेक टप्पे एकाच वेळी उरकणाऱ्या काडतूस भरण्याच्या यंत्रावर, काम करणाऱ्यालाच पुरते कळते. अशा यंत्रावर दांड्याच्या एका फेऱ्यात एका पुंगळीचा जुना प्रायमर निघत असतो, दुसरीत दारू पडत असते, तिसरीवर गोळी बसत असते, आणि हाताला एक लय लागलेली असते. मोठ्या प्रायमरसाठी जुळवलेल्या प्रेसवर लहान खोबणीची पुंगळी आली की प्रायमर बसवण्याच्या टप्प्यावर दांडा मध्येच अडतो. तिथे जोर लावणे धोक्याचे असते, कारण चेंगरलेला प्रायमर पेटू शकतो आणि शेजारच्या नळीत त्याची भावंडे एकावर एक रचलेली असतात. म्हणून थांबावे लागते, ती पुंगळी काढावी लागते, तिरपा झालेला प्रायमर हलक्या हाताने बाजूला करावा लागतो. खरी काळजी त्यानंतर सुरू होते. बाकीच्या पुंगळ्या अर्धवट अवस्थेत असतात आणि कोणत्या पुंगळीत दारू पडली, कोणत्या पुंगळीत पडली नाही, हे डोळ्यांनी तपासल्याशिवाय दांडा पुन्हा ओढता येत नाही, कारण दुप्पट दारू भरलेले एक काडतूस पिस्तूल फोडू शकते. या कामात सगळ्यात मोठा शत्रू व्यत्यय आहे, आणि ही पिशवी दर थोड्या पुंगळ्यांमागे तो व्यत्यय हातात देत होती.

उलट प्रकारही होतो. लहान प्रायमरसाठी जुळवलेल्या प्रेसवर मोठ्या खोबणीची पुंगळी आली, तर प्रायमर खोबणीत सैल पडतो किंवा खाली घरंगळतो, आणि लक्ष गेले नाही तर पुढच्या टप्प्यावर दारू त्याच वाटेने गळून प्रेसच्या चकतीवर पसरते. दारूचे बारीक दाणे चकतीखाली गेले की ते साफ करण्यात बराच वेळ जातो.

हा माल आधीच वेगळा करणे विक्रेत्याला जमले नाही, याचे कारण मला समजते. कॅलिबर निवडणारी यंत्रे पुंगळीचा बाहेरचा व्यास पाहतात आणि दोन्ही प्रकारच्या .४५ चा तो व्यास सारखाच असतो. विचारणा केल्यावर विक्रेत्याने नेमके हेच उत्तर सभ्यपणे दिले. माझा आक्षेप निवड न करण्याला नाही, न सांगण्याला आहे. वर्णनात ‘दोन्ही मापांचे प्रायमर असू शकतात’ एवढे एक वाक्य असते, तर मी त्याच किमतीत हा माल घेतला असता का, हे मला आधी ठरवता आले असते. वापरलेल्या पितळाच्या किमतीत खरेदीदाराच्या श्रमाचाही हिशेब धरलेला असतो, आणि तो हिशेब त्याच्यापासून लपवून ठेवणे योग्य नाही.

ज्यांच्याकडे असा माल आलाच आहे, त्यांनी तो प्रेसवर नेण्याआधीच निवडावा. पुंगळ्या लोडिंग ब्लॉकमध्ये (पुंगळ्या ओळीने उभ्या ठेवण्याच्या खाचांच्या ठोकळ्यात) तोंड खाली करून, तळ वर येईल अशा उभ्या कराव्यात आणि टेबलावरचा दिवा एका बाजूने टाकावा. मोठ्या प्रायमरच्या पुंगळीत शिक्क्याची अक्षरे प्रायमरच्या वर्तुळाला जवळजवळ चिकटलेली दिसतात. लहान प्रायमरच्या पुंगळीत अक्षरांच्या आत पितळाची एक कोरी कडा उरते आणि तिरप्या प्रकाशात ती चटकन चमकते. एकेक पुंगळी हातात घेऊन पाहण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी वेगवान आहे, कारण सारख्या वर्तुळांच्या ओळीत वेगळे वर्तुळ नजरेला आपोआप खुपते. जुना प्रायमर अजून आत असतानाच हे करावे, म्हणजे धुण्याच्या आणि वाळवण्याच्या पुढच्या फेऱ्यांत दोन्ही ढीग पुन्हा मिसळण्याची वेळ येत नाही.

लहान खोबणीच्या पुंगळ्या टाकून द्याव्यात, असे अनेक जण सांगतात; मला ते पटत नाही. २००३ मध्ये आलेले .४५ जीएपी हे काडतूस लहान प्रायमरवरच चालते, आणि .४५ एसीपीच्या मध्यम ताकदीच्या भरणीलाही तो पुरेसा होतो. ज्याच्या घरी ९ मिलिमीटर आणि .४५ दोन्ही भरले जातात, त्याला एकाच प्रकारचे प्रायमर साठवता येतात. २०२० नंतरच्या टंचाईत प्रायमरसाठी दुकाने पालथी घालणाऱ्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. अट एवढीच की मोठ्या प्रायमरवर पारखून घेतलेली भरणी लहान प्रायमरवर जशीच्या तशी नेऊ नये. वेगात फरक पडतो, म्हणून विश्वसनीय लोडिंग पुस्तिकेतल्या खालच्या प्रमाणापासून पुन्हा सुरुवात करावी आणि दोन्हींचे डबे, लेबले, नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

पितळाच्या दर्जासाठी या पिशवीला मी पाचपैकी चार गुण देईन, वर्णनाच्या प्रामाणिकपणासाठी दोन. नवीन पितळ परवडत असेल, तर मिझुरीतली स्टारलाइन कंपनी .४५ एसीपीच्या पुंगळ्या दोन्ही मापांच्या प्रायमरसाठी स्वतंत्रपणे विकते आणि तसे स्पष्ट लिहिते. किंमत जास्त पडते, पण निवडण्याचे काम उरत नाही. वापरलेलेच पितळ हवे असेल, तर पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारावा: प्रायमरच्या मापाप्रमाणे माल वेगळा केलेला आहे का? माझी पुढची मागणी मी अशा विक्रेत्याकडे नोंदवली आहे, ज्याने या प्रश्नाला उत्तर म्हणून दोन वेगवेगळ्या पिशव्यांचे दर पाठवले.