ओली स्कूटर, पांढरी नंबरप्लेट आणि माझे 14,770 रुपये

पणजी बसस्थानकाबाहेर एका माणसाकडून दोन स्कूटरी एका दिवसासाठी भाड्याने घेतल्या आणि त्यापायी माझे 14,770 रुपये गेले. मी 24 वर्षं एका साखर कारखान्याच्या हिशोब विभागात आहे. ऊसवाहतुकीची बिलं तपासणं हेच माझं काम. ट्रॅक्टरवाल्याने एक खेप जास्त लावली तर मला कागद बघूनच कळतं. त्यामुळे हे लिहायला मला आठ दिवस लागले. सख्ख्या भावाला अजून सांगितलेलं नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडची निम्मी माणसं गोव्याला जातात आणि तो माणूस अजून तिथेच उभा असणार.

आम्ही मजा मारायला गेलो नव्हतो, हे आधी सांगतो, कारण दोघांनी मला तसं ऐकवलं. बायकोची फार दिवसांची इच्छा होती दिवाडी बेट बघायची. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचं या बेटावरचं. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला गेलं आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधवून घेतलं. आधी मूळ जागा, मग नार्व्याचं देऊळ, असं एका दिवसात करायचं ठरलं. बायको, मी आणि वीस वर्षांचा मुलगा. बेटाला पूल नाही. जुने गोवेहून फेरीबोट, बेट ओलांडून दुसऱ्या टोकाला पुन्हा फेरीबोट. म्हणून स्कूटर.

सकाळी आठला तो स्वतःच पुढे आला. आमच्या पिशव्या बघून म्हणाला, "काका, कोल्हापूर का?" पस्तिशीचा असेल. बोलणं मालवणी वळणाचं. "माझी बहीण कागलला दिलीय," म्हणाला. कागलच्या बाजाराचा वारसुद्धा त्याला माहीत होता. परमुलखात आपली भाषा बोलणारा भेटला की जीव भांड्यात पडतो, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. एका स्कूटरचं भाडं 350, दोनचे 700. डिपॉझिट प्रत्येकी 2,000. शिवाय माझं आणि मुलाचं मूळ ड्रायव्हिंग लायसन्स ठेवून घेणार. "सगळे असंच घेतात काका, लोक गाडी सोडून पळतात." मी दिलं. मोबाइलमधलं डिजिलॉकरचं लायसन्स 2018 पासून कायद्याने चालतं, हे मला माहीत होतं. त्यामुळे रस्त्यात अडचण नाही, मूळ त्याच्याकडे राहिलं तर राहू दे, असा मी विचार केला. परत येताना ते त्याच्या खिशात असणार, हा विचार केला नाही. मूळ लायसन्स, मूळ आधार, काहीही देऊ नका. झेरॉक्स घ्यायची तर घे, नाहीतर राहू दे, म्हणा आणि चालायला लागा.

आता त्या दहा मिनिटांबद्दल, जी मी रोज रात्री आठवतो.

दोन्ही स्कूटरी ओल्या होत्या. "तुमच्यासाठी आत्ताच धुतल्या," म्हणाला. सीटवरून पाणी टपकत होतं, बायकोने पदराने पुसून घेतलं. त्याच्या हातात एक ओलं फडकं होतं आणि बोलता बोलता तो बाजूच्या प्लास्टिकवरून ते फिरवत होता. एकदा नाही, सारखा. मला वाटलं, माणूस टापटिपीचा आहे. प्लास्टिकवरचा पांढरा ओरखडा ओला असला की दिसत नाही. घरी येऊन मी माझ्याच गाडीवर करून बघितलं. बोटाएवढा ओरखडा होता, ओलं फडकं फिरवलं, गायब. वाळला की परत जसाच्या तसा. एवढी साधी गोष्ट.

मी मोबाइल काढला होता. खरंच काढला होता. व्हिडिओ सुरू करणार तेवढ्यात त्याने खांद्यावर हात ठेवला. "काका, आपल्यात कसला व्हिडिओ? फेरी चुकेल बघा." आणि बायकोकडे वळून, अगदी काळजीने, "काकी, परतीची गाडी कितीची आहे तुमची?" बायकोने सांगितलं, सव्वापाच. "मग चारपर्यंत या, मी इथेच आहे." किती चांगला माणूस, असं ती मला गाडीवर बसल्यावर म्हणाली. त्याने आमच्याकडून तिथेच सगळं काढून घेतलं होतं. किती वाजता आम्ही घाईत असणार, हे त्याला आम्हीच सांगितलं.

नंबरप्लेटही मी बघितली होती. पांढरी होती. गोव्यात चालवायला भाड्याने देण्याच्या परवान्याच्या गाडीची प्लेट काळी असते, अक्षरं पिवळी. मी विचारलंसुद्धा. "काळ्यावाल्या सुट्टीमुळे सगळ्या बाहेर आहेत, या घरच्या आहेत, अजून चांगल्या." पांढऱ्या प्लेटची गाडी म्हणजे खासगी गाडी, ती भाड्याने देताच येत नाही. तिचा विमा खासगी वापराचा असतो. भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. माझा मुलगा त्या गाडीवर होता. पैशापेक्षा मला याचाच जास्त राग आहे. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडी खासगी की भाड्याची, विमा कधीपर्यंत, सगळं एका मिनिटात दिसतं. ॲप माझ्या मोबाइलमध्ये होतं.

टाकी दोन्हीची कोरडी. 260 आणि 260 असं 520 रुपयांचं पेट्रोल भरलं, त्यातलं निम्मं त्यालाच परत गेलं.

बेटाबद्दल काही वाईट बोलणार नाही. शेतं, बांध, टेकडीवरचं पिएदादचं चर्च, जुनी घरं, रस्त्यावर वर्दळ नाही. ताशी तीसच्या वर आम्ही गेलो नाही. कुठे पडलो नाही, कुणाला घासलो नाही. नार्व्याला बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. हे एवढंच.

साडेतीनला आम्ही परत हजर. तो नाही. फोन उचलत नाही. चार वाजले. चार वीसला आला, सोबत आणखी एक जण. नमस्कार नाही, काका नाही. सरळ खाली बसला, माझ्या स्कूटरच्या डाव्या बाजूवर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "हे काय केलंत?" बोटभर लांब ओरखडा. मग मुलाच्या गाडीच्या पुढच्या मडगार्डला आतून तडा. मग सायलेन्सरच्या कव्हरवर घासल्याची खूण. मडगार्डच्या आत सकाळी कोण हात घालून बघतं? हिशोब त्याच्या तोंडावर तयार होता: पॅनेल 3,200, मडगार्ड 2,800, कव्हर 2,200, आणि गाड्या तीन दिवस गॅरेजला म्हणून बुडालेलं भाडं 2,100. एकूण 10,300. एका दमात सांगितलं त्याने. आम्ही काही पहिले नव्हतो.

मी म्हटलं, गॅरेजमध्ये जाऊ, मी समोर दुरुस्त करून देतो. तर, "माझा ठरलेला माणूस आहे." मी म्हटलं, लायसन्स दे आधी. तो सोबतचा नुसता हसला. मुलाच्या हाताच्या मुठी वळायला लागल्या, तेव्हा मी त्याला सामानापाशी पाठवलं. भित्रा म्हणा मला. त्या गर्दीत पोराचं डोकं फुटलं असतं तर मी कुणाचा हिशोब मागणार होतो?

चार चाळीसला मी पोलिसांकडे गेलो. इथून पुढचं लिहिताना माझा हात अजून थरथरतो.

पहिल्या चौकीत विचारलं, गाडी नेमकी कुठे उभी होती? सांगितलं. "ती हद्द आमची नाही." हद्द कुणाची, तर बोटाने रस्ता दाखवला. दुसऱ्या ठिकाणी बाकावर बसवलं. साहेब येताहेत म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळात मी सव्वापाच वाजताना बघितले. बायकोचा फोन आला, "गाडी निघाली." तीन तिकिटांचे 1,950 तिथे गेले. पावणेसहाला एक हवालदार मोकळे झाले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने घेतलीत म्हणजे तुम्हीपण त्यात आलात. केस करू? मग तारखेला यावं लागेल गोव्याला. मी म्हटलं, माझी लायसन्स त्याने अडवून ठेवलीत, पैसे दिल्याशिवाय देत नाही, याला काय म्हणायचं? "तुमचा आपापसातला व्यवहार आहे. मिटवून टाका." मी लेखी अर्ज देतो म्हटलं, तर कागद बाहेरून आणा. कागद आणला, लिहिला, तर पोच द्यायला शिक्का आत कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांकडे. माणूस तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर उभा आहे, माझी लायसन्स घेऊन उभा आहे, नुसतं चला म्हणतोय मी. कुणी उठलं नाही.

आमच्या कारखान्याच्या वकिलांनी नंतर सांगितलं, हद्द नाही हे कारण देताच येत नाही. 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्याने घ्यायची, हद्द कुणाचीही असो. झिरो एफआयआर म्हणतात त्याला. आणि धाक घालून पैसे काढणं ही खंडणी, आपापसातला व्यवहार नव्हे. मला हे तेव्हा माहीत असतं तर मी बाकावर पाऊण तास गप्प बसलो नसतो. पण त्यांना माहीत नव्हतं? पगार कशाचा घेतात? उलट अडाणी मीच असल्यासारखं बोलत होते, आणि मी "हो साहेब, हो साहेब" करत होतो.

सहा दहाला मी परत गेलो आणि 9,800 वर मिटवलं. डिपॉझिटचे 4,000 त्याच्याकडे होतेच, उरलेले 5,800 मोबाइलवरून. त्याने जो कोड दाखवला त्यावर नाव आलं एका किराणा दुकानाचं. तिथेही थांबायला हवं होतं, पण तोवर मी थकलो होतो आणि बायको फुटपाथवर बॅगेवर बसलेली होती. ज्या माणसाशी व्यवहार, त्याच्याच नावाचा कोड नसेल तर पैसे पाठवू नका, आणि डिपॉझिट रोख देऊ नका, कारण त्याचा पुरावा राहत नाही. लायसन्स हातात देताना तो पुन्हा काका म्हणाला. "काका, गाडी गेली ना? लॉज बघून देऊ का?"

लॉजला 1,800. बुडालेल्या तिकिटांऐवजी दुसऱ्या दिवशीची नवी तिकिटं 1,950. भाडं 700, पेट्रोल 520, नुकसानीचे म्हणून 9,800. बेरीज 14,770.

दुसऱ्या दिवशी सकाळी परिवहनच्या एका कार्यालयात गेलो. तिथे म्हणाले, आम्ही तपासणीत गाडी पकडली तर दंड करतो, तक्रारीवर कुठे शोधायची? नंबर देतोय की मी, दोन नंबर, मालकाचा पत्ता तुमच्याच कॉम्प्युटरवर आहे! "बघतो." बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, ही फसवणूक धरत नाही. ग्राहक हेल्पलाइनवरच्या मुलीने विचारलं, कंपनीचं नोंदणीकृत नाव सांगा. नाव असतं तर रडायचं कशाला?

गोव्यात सगळेच असे, असं मी म्हणणार नाही. फेरीवरच्या खलाशाने बायकोला बसायला स्वतःची खुर्ची दिली. काळ्या प्लेटवाले, पावती देणारे खूप आहेत. आणि स्कूटरची गरजच नव्हती, हे मला बेटावर कळलं. पणजीहून जुने गोव्याला बस सारखी आहे, तिथून फेरीला पायी माणसाला पैसे पडत नाहीत. पुढच्या अंतराला रिक्षा किंवा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, केला असता, तरी हजारात तिघांचा दिवस झाला असता. आणि कुणी परतीची वेळ विचारली तर दोन तास आधीची सांगा.

बसमध्ये मुलगा आदल्या दिवशीचे फोटो चाळत होता. एक फोटो फेरीवरचा, बायको स्कूटरला टेकून उभी, मागे मांडवी. त्याने बोटांनी मोठा केला आणि मोबाइल न बोलता माझ्या हातात दिला. गाडी तोवर वाऱ्याने वाळलेली होती. डाव्या पॅनेलवर तोच ओरखडा, बोटभर, पांढरा. फोटोची वेळ सकाळी 8:52. गाडी ताब्यात घेतली 8:20 ला. त्या दिवशी चार वीसला तो ओरखड्यावर अंगठा ठेवून बसला होता, तेव्हा हा फोटो माझ्या मुलाच्या खिशात होता.

फोटो, दोन्ही नंबर आणि पैसे पाठवल्याची नोंद जोडून मी पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला आहे. आज बारा दिवस झाले. पाकीट पोहोचल्याचं ऑनलाइन दिसतं, उत्तर आलेलं नाही.