लेयर्ड टिप आणि एका बाजूची झीज : दिवाळी ते पावसाळा वापरल्यानंतर

पावसाळ्यात माझ्या स्नूकरच्या क्यूच्या (खेळायच्या काठीच्या) टोकावरील लेयर्ड टिपचा, म्हणजे थरांच्या चामडी टोकाचा, वरचा थर कडेने सुटला आणि नखाने जरा ओढताच पापुद्र्यासारखा हातात आला. टिप ५५० रुपयांची होती. ऑनलाइन विक्रेत्याला छायाचित्रांसह कळवले, तेव्हा ‘टिप ही झिजणारी वस्तू आहे, तिच्यावर हमी नसते’ असे उत्तर मिळाले. हे मान्य करायला माझी काहीच हरकत नाही. परंतु माझी तक्रार टिप झिजल्याची नव्हती, ती एकाच बाजूने झिजल्याची होती, आणि एवढा फरक त्यांना शेवटपर्यंत समजावून देता आला नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

दिवाळीच्या सुमारास अमरावतीला गेलो असताना एका क्यू दुरुस्त करणाऱ्याकडून ही टिप बसवून घेतली. आमच्या दर्यापूर भागात क्लब आहेत, टेबले आहेत, पण टिप नीट बसवून देणारा कोणी नाही. ज्या खेळाचा जन्म १८७५ मध्ये नागपूरहून एका दिवसात पोहोचता येईल अशा जबलपूरच्या छावणीत झाल्याचे सांगतात, त्या खेळातील एवढ्याशा चामड्यासाठी आपल्याला एस.टी.चे तिकीट काढावे लागते. मजुरीचे १५० रुपये वेगळे गेले.

सुरुवातीचे काही आठवडे टिपबद्दल बोलायला जागा नव्हती. डुकराच्या कातड्याचे पातळ थर एकावर एक दाबून केलेली टिप साध्या एकसंध टिपसारखी लवकर पसरत नाही, आणि ‘स्क्रू’ या फटक्यात पांढरा चेंडू जो मागे खेचला जातो तो हाताला आधीच जाणवतो. माझा फेरूल, म्हणजे टिपखालची पितळी टोपी, साडेनऊ मिलिमीटरचा आहे आणि एवढ्या बारीक तोंडावर टिपचा घट्टपणा फार लवकर कळतो. त्या दिवसांत कोणी विचारले असते, तर पैसे वसूल झाले असेच मी सांगितले असते.

संक्रांतीनंतर मिस-क्यू होऊ लागले, म्हणजे टिप चेंडूवरून निसटू लागली, तेही डावीकडून खाली मारताना. टेबलावरच्या दिव्याखाली क्यू आडवा धरून बोटांत सावकाश फिरवला, तेव्हा टिपचा घुमट डुगडुगताना स्पष्ट दिसला. लेयर्ड टिपची एक सोय अशी की ती आपली झीज स्वतःच दाखवते. घुमट सारखा असेल, तर थरांच्या कडा एकाच मध्याभोवतीच्या वर्तुळांसारख्या दिसतात. माझ्या टिपवर त्या रेषा उतारावरच्या शेतातील समपातळी बांधांप्रमाणे एका बाजूला सरकल्या होत्या, आणि खालच्या डाव्या अंगाला एक चकचकीत, चॉक (टिपला लावायचा खडू) न धरणारा डाग पडला होता.

असे का होते, याचे पहिले कारण स्नूकरच्या क्यूमध्येच आहे. ॲशच्या लाकडावर रेषांचे बाण असतात. ते बाण वर ठेवून आणि मुठीकडची सपाट बाजू ठरलेल्या जागी ठेवून क्यू प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने धरण्याची सवय आपल्याला पहिल्या दिवसापासून लावली जाते. पूल या खेळाचा क्यू गोल असल्यामुळे हातात आपोआप फिरत राहतो आणि झीज सर्व बाजूंना वाटली जाते. आपल्याकडे मात्र स्क्रू मारला की टिपचे खालचे अंग लागते, आणि ते नेहमी तेच अंग असते. ज्याला डावी साइड (चेंडूच्या डाव्या बाजूवर फटका) अधिक सोयीची, त्याची टिप खालून आणि डावीकडून बसत जाते.

आता ज्या गोष्टीमुळे माझे डोके सर्वाधिक तापले, ती सांगतो. टिप एका बाजूने बसली, की ती सारखी करण्यासाठी आपण शेपर (टिपला आकार देणारे साधन) किंवा पॉलिश पेपर घेतो. पण बसलेल्या बाजूला चामडे वाढवता येत नाही; म्हणजे जी बाजू अजून धड आहे, जिच्यावर चेंडू फारसा लागलाच नाही, ती घासून खाली आणावी लागते. दर खेपेस हेच. उन्हाळ्यापर्यंत माझ्या टिपची उंची निम्मी झाली होती आणि त्यातील बराच भाग टेबलावर नव्हे, माझ्या हातातील कागदावर पडला होता. ५५० रुपयांचे चामडे खेळून संपले असते, तर मी हूं की चूं केले नसते.

एप्रिल-मेमध्ये याला हवेचीही साथ मिळाली. आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, हवा हाडासारखी कोरडी होते, आणि क्लबात कूलरचा ओलसर झोत असतो. घरी कोरडे, क्लबात ओलसर, परत येताना दुचाकीवर तापलेली क्यूची पेटी, अशा फेऱ्यांत चामडे ताठ होते आणि थरांमधील गोंदावर ताण येतो. लाकूडही आकसते. त्यामुळे फेरूलची कड बोटाला लागू लागली, जी आधी लागत नव्हती.

झिजेबद्दलचा वरचा बहुतेक मजकूर मी थर सुटण्याआधी, मे महिन्यातच लिहून ठेवला होता आणि ‘ही टिप घेऊ नका’ असा शेवटही केला होता. तो आता बदलावा लागत आहे.

थर सुटल्यावर उरलेली टिप काढून टाकली, तेव्हा आमच्या क्लबातील मार्करने (गुण मांडणाऱ्याने) उघडा फेरूल हातात घेतला आणि तो भिंतीवरच्या आरशाला टेकवून काटकोनात धरला. पितळ आणि काच यांच्यामध्ये एका बाजूने केसाएवढी फट होती आणि तिच्यातून उजेडाची बारीक कोर दिसत होती. ‘टिपले काई नाई झालं भाऊ, पितळच तिरपं हाये,’ एवढेच तो म्हणाला. फेरूलचे तोंड सपाट नसेल, तर टिप मुळातच कलती बसते. वरून घुमट कितीही सुबक केला, तरी एका अंगाला चामडे जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ राहते, आणि दोन्ही अंगे सारखी दबत नाहीत. अमरावतीच्या कारागिराने पितळ हातानेच पॉलिश पेपरवर घासले होते. हे त्याला फोनवर सांगितल्यावर त्याने दोष टिपला दिला, विक्रेत्याने बसवणाऱ्याला दिला, आणि ७०० रुपये दोघांच्या मध्ये राहिले.

गावात पंपाचे शाफ्ट करून देणारा लेथवाला आहे. माझा क्यू तीन-चतुर्थांश जोडाचा असल्यामुळे पुढचा भाग सुटा होतो. त्याला सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळून लेथवाल्याने तो चकमध्ये हलक्या हाताने धरला, पितळाच्या तोंडावरून अगदी नाममात्र काप घेतला आणि ३० रुपये मागितले. त्यावर मी ४० रुपयांची साधी, निळसर, एकसंध टिप स्वतः बसवली. बसवण्यापूर्वी टिपची खालची बाजू काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट केली, फेविक्विकचा एकच थेंब लावला आणि टिप दाबून धरली. दुसऱ्या दिवशी क्यू उलटा करून टिप लाकडी फळीवर टेकवली आणि बाहेर आलेली कड नव्या ब्लेडने वरून खाली, पितळाकडून फळीकडे कापली. घुमटाचे माप म्हणून एक रुपयाचे लहान, सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचे नाणे टिपमागे उजेडात धरले की पुरते. त्यासाठी वेगळे उपकरण विकत घेण्याचे कारण नाही.

साधी टिप मऊ आहे, लवकर पसरते, आणि स्क्रूमधली ती मजा तिच्यात नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ती सरळ झिजत आहे. खालचे अंग थोडे आधी बसतेच, म्हणून सरावाच्या वेळी सरळ पॉट मारताना (चेंडू थेट खिशात घालताना) मी क्यू पाव वळसा फिरवून धरतो. सामन्यात हे जमत नाही, कारण बाण वर नसले की नजर अडखळते. चॉकही खड्ड्यात भोवऱ्यासारखा न फिरवता टिपवरून कडेकडेने ओढतो.

तेव्हा सुधारलेले मत असे : लेयर्ड टिप चांगली आहे, आणि दसऱ्यानंतर हवा जरा स्थिर झाली की मी तीच पुन्हा बसवणार आहे. मात्र मागवण्यापूर्वी जुनी टिप काढून फेरूल आरशाला लावून पाहा, आणि उजेड दिसला तर आधी लेथवाल्याकडे जा. फेरूल साडेनऊचा असेल, तर टिप दहाची मागवा; नेमक्या मापाची टिप एका बाजूला तसूभर सरकली तरी पितळाची कड उघडी पडते, आणि मग कापून सारखे करायला चामडेच उरत नाही.